मध्ये चाललात, तरी ते पळणेच

दोन महिन्यांपासून आपण पहाटे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती पळता, एक फेरी कशीबशी पूर्ण होते, तिथून दहा किलोमीटरपर्यंत जाण्यास किती महिने लागतील, हा आपल्या प्रश्नाचा पहिला भाग आहे. फेरीत तीन-चार ठिकाणी चालावे लागते आणि त्यावरून मित्र हसतात, तेव्हा याला पळणे म्हणायचे की नाही, हा दुसरा. पहिल्या भागाचे उत्तर देणारे पुष्कळ जण भेटतील. मी मुख्यतः दुसऱ्यासाठी लिहीत आहे, कारण याच मुद्द्यावरून आमच्या घरात गेली काही वर्षे वाद चालू आहे आणि ज्यांच्याशी तो चालू आहे ते आजही हार मानायला तयार नाहीत.

चालण्यासह झालेली फेरी पूर्ण धरायची. त्यात निम्मे-पाव काही करायचे नाही.

मी शिवाजी पेठेत राहते आणि एका सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहे. पन्नाशीनंतर रक्तातली साखर काठावर आली तेव्हा मी पळायला सुरुवात केली, आणि ती रंकाळ्यावर केली नाही, कारण रंकाळ्यावर सकाळी अर्धी पेठ भेटते. शिवाजी विद्यापीठाचे आवार ८५३ एकरांचे आहे, झाडी भरपूर आहे आणि तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते. एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचे, त्यानंतरचे दोन खांब चालायचे, असा माझा क्रम होता. पुढे पळण्याचे खांब वाढत गेले, चालण्याचे कमी होत गेले, आणि धीर आल्यावर मी रंकाळ्यावर आले. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या धाकट्या दिरांनी मला शालिनी पॅलेसच्या बाजूला चालताना पाहिले.

भाऊजींचे तारुण्य तालमीत गेले आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते, कारण पुढे तो कमी दिसण्याचा संभव आहे. व्यायामाच्या विषयावर त्यांच्याशी बोलणे म्हणजे शाहू महाराजांच्या खासबाग कुस्ती मैदानापासून सुरुवात करून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांपर्यंत येणे आणि खाशाबा आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते एवढ्या एका वाक्यावर आपले तोंड बंद होणे. त्या दिवशी घरी आल्यावर ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "वहिनी, ह्याला पळणं म्हणत न्हाईत. चालायचंच हाय तर कपिलतीर्थाला जाऊन भाजी तरी आणा." घरातले हसले. मीही हसले, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच ठिकाणी मुद्दाम चालले.

पुढे त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, शहरातल्या एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिले. तो विशीतला, अंगाने काटक, परंतु सगळा वेळ संगणकापुढे बसणारा मुलगा. त्याची तयारी भाऊजींनी हाती घेतली. रोज रंकाळ्याच्या दोन फेऱ्या जीव खाऊन पळायच्या, मध्ये थांबला तर ती फेरी बाद, आणि घरी आल्यावर बैठका. पहिले काही दिवस वेळ झपाट्याने कमी होत गेली आणि भाऊजी ती वेळ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मग मुलाची नडगी आतल्या कडेने दुखू लागली. "अंग मोडतंय, दुखणारच," असे म्हणून आणखी काही दिवस तेच चालले, आणि शेवटी मुलाला जिना उतरताना कठडा धरावा लागू लागला, तेव्हा प्रकरण वहिनींकडे आले.

मी त्याला काही दिवस नुसते चालायला लावले. चालताना दुखणे पूर्ण थांबल्यावर दोन मिनिटे पळणे आणि एक मिनिट चालणे यावर आणले, तेही एक दिवसाआड. भाऊजींना हे पाहवत नसे, म्हणून ते त्या काळात वेगळ्या वेळी फिरायला जात. शर्यतीच्या दिवशी मुलगा सुरुवातीपासून ठरल्याप्रमाणे अधूनमधून चालत गेला, सुरुवातीला वाऱ्यासारखे सुटलेले कित्येक जण त्याला शेवटच्या टप्प्यात कमरेवर हात ठेवून उभे असलेले भेटले, आणि तो हसत आला. भाऊजींचे म्हणणे असे की मुलगा पोहोचला हे खरे, पण पळत पोहोचला नाही.

माझा खरा आक्षेप इथे आहे. तालमीचे नाव घेऊन जे सांगितले जाते ते तालमीत कधीच नव्हते. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कसलेल्या मल्लासमोर उभे करत नाही. आधी त्याला हौदा उकरायला लावतात, जोर-बैठका थोड्यापासून सुरू करून हळूहळू चढवतात, अंग तयार झाले की बरोबरीच्या पोराशी लढत देतात, आणि मेहनतीइतकेच लक्ष खुराक, मालीश आणि झोप यांवर असते. कोल्हापूरच्या तालमींनी मल्ल घडवले ते या सबुरीने. पण तालीम सोडून काही वर्षे झाली की माणसाला आपली सबुरी आठवत नाही, फक्त आपला घाम आठवतो, आणि तोच घाम तो घरातल्या पोरांकडून पहिल्या आठवड्यात मागतो. हे मी भाऊजींना तोंडावर सांगितले आहे. त्यावर त्यांनी चहा मागितला.

त्यांना मी बिल बावरमन यांची हकीकतही ऐकवली होती. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे हे नावाजलेले प्रशिक्षक, पुढे नायके कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. ते १९६२ साली न्यूझीलंडला गेले आणि तिथले प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या आग्रहावरून ऑकलंडमधल्या हौशी लोकांबरोबर सहज म्हणून पळायला निघाले. पन्नाशीचे बावरमन चढावर मागे पडले आणि त्यांना सोबत करायला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ थांबले, ज्यांना पूर्वी हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. लिडियार्ड त्या लोकांना दमेपर्यंत पळूच देत नसत, बोलत बोलत पळवत. बावरमन यांनी परतल्यावर आपल्या गावात तेच सुरू केले. भाऊजींचे उत्तर होते, "ते न्यूझीलंड, हे कोल्हापूर."

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. फेरीत आपल्याला चालावे लागते याचे कारण बहुधा अंतर हे नसून वेग हे आहे. पळताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. एकटे असाल तर आरती म्हणून पाहावी; प्रत्येक शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे, मग शेजारून कोणी आजोबा भरभर चालत पुढे गेले तरी चालेल. आणि चालायचे ते दम संपल्यावर नको, आधीच ठरवून, ताजेतवाने असतानाच चालायचे. दम संपल्यावर चालणारा माणूस पुन्हा पळायला लागताना अडखळतो आणि त्याची ढब बिघडते.

हळू जाण्याचे दुसरे कारण शरीराच्या आत आहे. हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांतच मेहनतीला सरावतात, परंतु हाडे, स्नायुबंध आणि टाचेमागची शीर यांना बळ येण्यास महिने लागतात. मी बँकेत पाहिले आहे की कर्जदाराची मंजूर मर्यादा वाढली म्हणून त्याची फेडण्याची ताकद वाढत नाही; दम वाढल्यावर पायांचेही नेमके तसेच होते, आणि पुतण्याची नडगी त्यातच गेली.

अंतर किती वाढवावे यासाठी आठवड्याला दहा टक्के हा नियम सर्वत्र सांगितला जातो. तो मी पोथीसारखा पाळा असे म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन येथे नवशिक्या धावणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात एका गटाला १३ आठवड्यांत हळूहळू आणि दुसऱ्याला ८ आठवड्यांत तयार केले होते, आणि दोन्ही गटांत साधारण पाचांतल्या एकाला दुखापत झाली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने मात्र वेगळे बोट ठेवले. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी महत्त्वाची ठरली. गेल्या तीस दिवसांत आपण जे सर्वांत लांब पळाला असाल त्याच्या दहा टक्क्यांहून पुढे एका दिवसात गेलात, की दुखापतीचा धोका वाढतो. रविवारी मित्रांच्या नादाने एकदम दुप्पट पळून येणारे सोमवारी का लंगडतात ते यावरून कळेल.

रंकाळ्याची फेरी साधारण चार ते साडेचार किलोमीटर धरू. साडेचारावर दर वेळी दहा टक्के चक्रवाढीने चढवले तर नऊ पायऱ्यांत दहा किलोमीटर ओलांडले जातात. आठवड्याला एक पायरी, ती फक्त एका लांब दिवसाची, बाकीचे दोन-तीन दिवस नेहमीचीच फेरी किंवा त्याहून कमी, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम माघार. असे केल्यास तीन महिने पुरावेत. वय, वजन आणि झोप यांनुसार ते पाचही होतील, आणि पाच झाले म्हणून काही बिघडत नाही.

फेऱ्या वाढल्या की रंकाळ्याचा कंटाळा येतो आणि माणूस शहराबाहेरचे रस्ते शोधतो. दिवाळीनंतर हवा पळण्यासाठी उत्तम असते, परंतु तोच उसाचा हंगाम. मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत, म्हणून उजाडल्याशिवाय राधानगरी किंवा गगनबावडा रस्त्याला पाय ठेवू नये आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून पळावे. जोतिबाचा मोह प्रत्येक कोल्हापूरकराला होतो. रविवारी चालत जाणाऱ्यांची प्रथा जुनीच आहे. पण केर्लीपासून पुढचा चढ पिंढऱ्यांची आणि परतीचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, तेव्हा सपाटीवर दहा किलोमीटर निवांत होईपर्यंत जोतिबाला चालतच जावे. पावसाळ्यात काठावरच्या फरशीला शेवाळ धरते, तिथे वेग विसरावा.

हे आधी लिहायला हवे होते: वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर अंतर वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पळताना छातीत दडपण आले, चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. नडगी कडेने लांबवर दुखत असेल तर विश्रांतीने सहसा भागते, पण बोट ठेवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे माझा सल्लाही कामाचा नाही आणि कोणा जुन्या मल्लाचाही नाही.

मित्रांचे काय करावे, तर त्यांना एकदा आपल्या लांब दिवशी बरोबर न्यावे आणि पहिल्या पाच मिनिटांत पुढे जाऊ द्यावे. दहा किलोमीटरसाठी रंकाळ्याच्या दोन फेऱ्या पूर्ण करून तिसऱ्या फेरीत चौपाटीच्या बाजूने एक-दोन किलोमीटर पुढे जावे लागेल. ते अंतर आधी एकदा सायकलने मोजून ठेवावे, कारण मोबाईलमधले मोजमाप थोडेफार इकडेतिकडे होते.