दिवाळीत कुत्र्यासाठी घरीच बिस्किटं करता येतील का? आम्ही जळगावला राहतो, ओव्हन नाही.

हो, नक्की करा, फक्त आपल्या फराळातलं काहीही त्यात घालू नका. वाटीभर दादरचं (खानदेशातल्या रब्बी ज्वारीचं) पीठ, अर्धं पिकलेलं केळं आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचं बिनमिठाचं कूट पाण्यात घट्ट मळा, जाडसर लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा आणि तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्हीकडून कडक होईपर्यंत भाजा. ओव्हन मिळाला तर १६० अंशांवर साधारण २५ मिनिटं. कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं) पीठ नको, कारण बऱ्याच घरी त्यात दळतानाच मीठ घातलेलं असतं. दाणे खवट किंवा बुरशीचे नाहीत ना, हे नीट निवडून बघा. त्या बुरशीच्या विषाने कुत्र्याचं यकृत खराब होतं.

खरी भीती पाहुण्यांच्या हातातल्या ताटाची असते, ती घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा:
- बेदाणे, मनुका: थोड्यानेही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं
- कांदा, लसूण (चिवडा, शेव): रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात
- चॉकलेट
- झायलिटॉल असलेली शुगर-फ्री मिठाई: रक्तातली साखर झपाट्याने उतरते
- तुपातलं, तळलेलं: स्वादुपिंडाला सूज येऊ शकते

असा खाऊ दिवसभरातल्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आतच असावा, असं पशुवैद्य सांगतात. लहान कुत्र्याला दोन-तीन तुकडे पुरेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र केळंसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घाला.