ओल असूनही झाड माना टाकते, कॅल्शियम देऊनही फळ डागाळते

प्रश्न : टोमॅटोच्या शेतात ओल भरपूर असूनही झाडे दुपारी माना टाकतात. कॅल्शियमची पानांवर फवारणी केली, तरी फळांना देठाच्या विरुद्ध टोकाला काळे, खोलगट डाग पडतात. काय करावे?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, या दोन्ही तक्रारी झाडाच्या आतील वाहतुकीशी निगडित आहेत, त्यामुळे ती वाहतूक समजून घेतल्याशिवाय पाणी किंवा खत वाढवू नये.

मुळांनी शोषलेले पाणी व त्यात विरघळलेली खनिजे जलवाहिन्यांतून वर जातात. या वाहिन्या मृत, पोकळ पेशींच्या बनलेल्या असतात. पानांच्या पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ होत राहते आणि त्या ओढीने पाण्याचा सलग स्तंभ मुळांपासून शेंड्यापर्यंत खेचला जातो. शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ओढ पानांची असली, तरी पाणी आत घेण्याचे काम पांढऱ्या मुळीचे आहे आणि ही मुळी जिवंत असल्यामुळे तिला प्राणवायू लागतो. जमिनीत पाणी साचले की हवा निघून जाते, मुळांची शोषणक्षमता घटते, आणि पाण्यात उभे असलेले झाड दुपारच्या उन्हात तहानलेले राहते. अशा वेळी पुन्हा पाणी देणे हानिकारक ठरते. चर काढून पाण्याचा निचरा करावा आणि जमीन वाफशावर (मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात) आल्यावरच पुढील पाणी द्यावे.

मात्र, झाड सकाळीही टवटवीत होत नसेल, तर मर रोगाची शंका घ्यावी. खोडाचा बुडाकडील भाग उभा चिरून पाहावा. सालीच्या आतील बाजूस तपकिरी रेषा दिसल्यास रोगकारकाने जलवाहिन्यांत शिरकाव केला असण्याची शक्यता असते. नुकत्याच कापलेल्या खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टांगून धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरू लागला, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. बुरशीनाशक येथे उपयोगी पडत नाही. असे झाड मुळासकट उपटून नष्ट करावे आणि त्या वाफ्यातील पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये.

आता फळांवरील डागांविषयी. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून फळांकडे, शेंड्याकडे व मुळांकडे जाते. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम याही मार्गाने फिरू शकतात, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते. कॅल्शियम मात्र रसवाहिन्यांतून जवळजवळ फिरत नाही; ते जलवाहिन्यांतील पाण्याबरोबर जिकडे बाष्पीभवन अधिक तिकडे, म्हणजे मुख्यतः पानांकडे जाते. फळातून वाफ फारच कमी बाहेर पडत असल्याने त्याच्या वाट्याला कॅल्शियम थोडेच येते, आणि पानात एकदा स्थिरावलेले कॅल्शियम फळापर्यंत परत येत नाही. पानांवरील फवारणीचा गुण का आला नाही, हे यावरून लक्षात येईल. खत वाया गेले असे मी म्हणणार नाही, पण ते पोहोचावयास हवे होते तेथे पोहोचले नाही.

म्हणून आधी पाण्याचे वेळापत्रक सुधारावे, कारण माझ्या मते फळांवरील डागांच्या या विकृतीवर त्याहून मोठा उपाय नाही. एकदा भरपूर पाणी आणि मग पाण्यात मोठा खंड, असे करण्यापेक्षा थोडे पाणी नियमित द्यावे आणि जमिनीवर आच्छादन करावे. नत्राचा, विशेषतः अमोनियमयुक्त खतांचा, अतिरेक टाळावा. त्याने पाला माजतो आणि कॅल्शियमचे शोषणही घटते. फवारणी करायचीच असल्यास ती लहान, वाढत्या फळांवर थेट पडेल अशी करावी. डाग पडलेले फळ मात्र सुधारत नाही. ते तोडून टाकावे आणि उपायांचा परिणाम नव्याने धरणाऱ्या फळांवर पाहावा.