वाचक विचारतात: फणसाच्या पेनाला पितळेचा बँड

प्रश्न (सावंतवाडी): मी घरच्या लेथवर फणसाच्या लाकडाची पेनं करतो. पेनाच्या तयार सुट्या भागांच्या किटमधली क्लिप आणि मधला बँड मात्र सगळ्यांच्या पेनावर तेच ते. वरचं सोनेरी प्लेटिंग घासून आतलं पितळ चमकवलं तर चालेल का? नावही कोरायचंय.

उत्तर: आत पितळच आहे हे आधी बघा ना दादा. क्लिपला मॅग्नेट लावा, घट्ट चिकटली तर ती स्टीलची, घासलीत की आपल्याकडच्या पहिल्याच पावसाळ्यात गंज धरणार. स्वस्त किटात जस्ताचे ओतीव पार्टही असतात, आतल्या कडेला कानस फिरवली की राखाडी दिसतं, तिथेच थांबा. आणि ज्याला टायटॅनियम गोल्ड म्हणून विकतात तो थर इतका कडक असतो की पॉलिश पेपर नुसता घसरतो. क्रोमचा थर ॲसिडने उतरवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, त्यातून निघणारं पाणी आणि वाफ दोन्ही विषारी.

माझं स्पष्ट मत, किटचा बँड बाजूला ठेवा आणि पितळी पाइपातून नवा करा. स्लिमलाइन, म्हणजे सडपातळ पेनाचं किट असेल तर लाकडाच्या आतली नळी 7 मिमीची असते, पण बँडच्या भोकाचं माप नळीवरून घेऊ नका, ट्विस्ट मेकॅनिझमवरून (पेन फिरवलं की रिफिल बाहेर काढणारा भाग) घ्या, कारण बँड त्याच्यावरच बसतो. रिंग कापायची, मँड्रेलवर, म्हणजे लेथच्या दांड्यावर चढवायची आणि लेथ हळू ठेवून बारीक कानशीने लाकडाच्या लेव्हलला आणायची. कानशीला मूठ हवीच, उघडं टोक तळहातात घुसतं.

नावासाठी फेरिक क्लोराइड, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सर्किट बोर्डासाठी मिळतं तेच. रिंग ॲसिटोनने पुसली की मग बोट लावायचं नाही. अक्षरं सोडून सगळीकडे, आतूनसुद्धा, नेलपॉलिश लावा, आणि नायलॉनच्या दोऱ्याने प्लास्टिकच्या कपात लटकती सोडा, स्टीलचं भांडं नको, ते खाऊन टाकतं. ग्लोव्ह्ज, चष्मा घाला, दर दहा मिनिटांनी काढून धुवायची आणि सुईच्या टोकाने खोली बघायची. पुरेशी झाली की खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा. मग अक्षरांत काळा रंग भरून वरून 600 चा पेपर फिरवा, काळा रंग फक्त खाचेत राहतो आणि नाव असं उठून दिसतं की बघत राहावं. उरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवा, पुन्हा चालतं. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात कधीही ओतायचं नाही.

प्रश्न (मालवण): पितळी क्लिप बनवली, महिन्याभरात काळपट हिरवी पडली. लॅकर (पारदर्शक वार्निश) मारू का? आणि आई म्हणते आमसुलाने घास.

उत्तर: मीठ आणि ओल दोन्ही हवेतच, त्यामुळे पितळ रंग बदलणारच. बँडला लॅकर ठीक आहे, क्लिपला नको. खिशाला घासून कडेचं लॅकर आधी जातं, तिथून ओल आत शिरते आणि मग चट्टे पडतात ते सगळं लॅकर खरवडल्याशिवाय जात नाहीत. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात द्या आणि अधूनमधून पुसा. समईला आमसूल उत्तमच, आई बरोबर सांगतायत, पण पेनाला नको. पाणी लाकडात मुरतं, आणि आंबटात पितळ फार वेळ राहिलं तर जस्त निघून जाऊन वर तांबूस छटा येते. कापसावर मेटल पॉलिश घ्या, लाकडाला टेप लावून.

अजून एक, क्लिप डाग द्यायला, म्हणजे झाळून जोडायला, लालबुंद तापवलीत तर तिची स्प्रिंग जाते, खिशाला धरतच नाही. मग हलक्या हातोडीने ठोकून कडक करावी लागते. नवीन करताना फॉस्फर ब्राँझची पट्टी घ्या, ती जास्त चिवट.

प्रश्न (रत्नागिरी): एबोनाइटच्या फाउंटन पेनाला चांदीचा बँड कसा दिसेल?

उत्तर: सुरुवातीला सुंदर, नंतर काळा. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घातलेलं रबर, आणि गंधकाने चांदी काळवंडते, पेन डबीत बंद ठेवलं तर अजूनच लवकर. पांढराच रंग हवा असेल तर 316 ग्रेडचं स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत इतर स्टेनलेसपेक्षा ते जास्त टिकतं. करायला कडक आहे, लाकडाच्या लेथवर जमणार नाही, टर्नरकडून रिंग काढून घ्या आणि पॉलिश तेवढं घरी करा.