वाचक विचारतात : कोरियन युद्धातली अमेरिका–दक्षिण कोरिया ओढाताण

१९५० ते १९५३ या काळातल्या कोरियन युद्धाबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात : ज्या देशाला वाचवायला अमेरिका धावून गेली, त्याच देशाशी तिचे सतत खटके का उडत होते? त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

दक्षिण कोरियाने आपले अख्खे सैन्य अमेरिकी सेनापतीच्या हाती दिले होते, हे खरे का? तसा काही करार झाला होता का? (सातारा)

खरे आहे, पण करार झाला नव्हता, एक पत्र गेले होते. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने चढाई केली आणि तीन दिवसांत सोल पडले. ७ जुलैला सुरक्षा परिषदेने मदतीला येणाऱ्या फौजा एका सेनापतीखाली आणण्याचा ठराव केला आणि तो सेनापती नेमण्याचे काम अमेरिकेवर सोपवले. (सोव्हिएत प्रतिनिधी तेव्हा परिषदेवर बहिष्कार टाकून बसला होता, म्हणून नकाराधिकार वापरला गेला नाही.) दक्षिण कोरिया मात्र संयुक्त राष्ट्रांचा सभासदच नव्हता, त्यामुळे त्याचे सैन्य या ठरावाच्या कक्षेबाहेर राहत होते. राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी १४ जुलैला या सेनापतिपदी आलेल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांना पत्र लिहून ही अडचण दूर केली : सध्याची युद्धस्थिती चालू असेपर्यंत भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे नेतृत्व तुमच्याकडे. त्याआधी दोनच दिवस देजॉन इथे आणखी एक समझोता झाला होता. त्यानुसार अमेरिकी सैनिकाने कोरियात गुन्हा केला तर खटला फक्त अमेरिकी लष्करी न्यायालयात चालणार होता. ती व्यवस्था १९६७ पर्यंत टिकली.

पत्राचा अर्थ लावताना एक गोष्ट नजरेतून सुटते. रणांगणावर कोणती डिव्हिजन कुठे लढणार हे अमेरिकी सेनापती ठरवत असे. पण सेनाधिकाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, मार्शल लॉ आणि पोलीस हे सगळे प्रत्यक्षात रींच्याच मुठीत राहिले. पुढचे बहुतेक तंटे याच फटीतून निघाले.

‘युद्ध चालू असेपर्यंत’ ही मुदतही फसवी ठरली. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली, शांतता करार झालाच नाही. १७ नोव्हेंबर १९५४ च्या संमत टिपणाने ते नियंत्रण पुढे चालू ठेवले, १९७८ मध्ये ते संयुक्त फौजांच्या कमांडकडे गेले आणि १ डिसेंबर १९९४ ला शांतताकाळापुरते सोलकडे परत आले. युद्धकाळातले नियंत्रण परत घेण्यासाठी २०१२ आणि नंतर २०१५ ही साले ठरली होती. दोन्ही पुढे ढकलली गेली आणि २०१४ पासून तारखेऐवजी अटी आल्या.

मग सैन्य अमेरिकेच्या हुकमात असताना रींनी १९५३ मध्ये हजारो युद्धकैदी परस्पर सोडले कसे? (नाशिक)

याच फटीतून. रींनी त्याच वर्षी लष्करी पोलिसांची एक वेगळी कमांड उभी केली. तिचा प्रमुख वॉन याँग-दॉक थेट त्यांच्या विश्वासातला होता आणि ही कमांड संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीच्या नियंत्रणाबाहेर होती. कैद्यांच्या छावण्यांवर पहारा होता तो मुख्यतः कोरियन सैनिकांचा. अमेरिकी माणसे कारभारापुरती, थोडीच. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सेनापती, अमेरिकी जनरल मार्क क्लार्क यांना घातपाताची शंका आधीपासून होती. पण पहारा बदलायचा तर आघाडीवरून अमेरिकी पलटणी काढाव्या लागल्या असत्या, आणि मित्रावर विश्वास नाही हे उघडच जाहीर झाले असते.

८ जूनला शस्त्रसंधीची बोलणी चालू असलेल्या पानमुनजॉम इथे कैद्यांबद्दलचा समझोता झाला : मायदेशी जायला नकार देणारे कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाच्या ताब्यात जाणार आणि त्यांच्यावर पहारा भारतीय सैन्याचा राहणार. रींना दोन्ही गोष्टी नामंजूर होत्या. १८ जूनच्या पहाटे बुसान, मासान, नोनसान आणि ग्वांगजूजवळचे सांगमुदे या छावण्यांच्या तारा कापल्या गेल्या, फाटके उघडली गेली आणि पहारेकरी बाजूला झाले. कैद्यांना साधे कपडे मिळाले. त्यांना आसरा द्या, असे पोलिसांना आणि गावकऱ्यांना आधीच सांगितलेले होते. पहिल्या रात्रीत सुमारे २५,००० आणि पुढच्या काही दिवसांत मिळून सुमारे २७,००० उत्तर कोरियाई कैदी पसार झाले. अमेरिकी सैनिक पहाऱ्यावर आणल्यावरही पळापळ चालू राहिली आणि गोळीबारात काही डझन कैदी मेले. पुन्हा हाती लागले ते हजाराच्या आतच. रींनी काही लपवले नाही. हे माझ्याच हुकमाने झाले, असे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केले.

रींची ही खेळी मुत्सद्देगिरी होती असे म्हणणारे आजही सोलमध्ये भेटतात. तिची किंमत मात्र आघाडीवरच्या कोरियन जवानांनी मोजली. पलीकडच्या बाजूने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की तुमचा सेनापती दक्षिण कोरियाच्या सैन्याला आवरू शकतो का? १३ जुलैला उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या चिन्यांनी आघाडीच्या कुमसाँग इथल्या फुगवट्यावर मोठा हल्ला चढवला, तो मुद्दाम कोरियन डिव्हिजनांवर. आघाडी कित्येक किलोमीटर मागे आली.

अमेरिकेने रींना बाजूला का केले नाही? (पुणे)

तशी योजना कागदावर होती; तिचे नाव ‘एव्हररेडी’. १९५२ च्या मे महिन्यात रींनी बुसानमध्ये मार्शल लॉ पुकारला आणि विरोधी खासदारांना अटक केली, तेव्हा तिचा विचार सुरू झाला. १९५३ मध्ये कोरियातल्या अमेरिकी आठव्या आर्मीचे जनरल मॅक्सवेल टेलर यांनी ती पुन्हा तयार केली. पण रींच्या जागी बसवायला तितक्या वजनाचा माणूस नव्हता, आणि आघाडीचा निम्म्याहून अधिक भाग कोरियन डिव्हिजनांनी धरलेला होता. अशा वेळी राजधानीत उलथापालथ करणे धोक्याचे होते. त्यापेक्षा सौदा स्वस्त पडला.

हा सौदा करायला परराष्ट्र खात्याचे वॉल्टर रॉबर्टसन २५ जूनला सोलला पोहोचले आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रींशी बोलत राहिले. री शस्त्रसंधीवर सही करणार नव्हते, पण तिच्यात अडथळा आणणार नाहीत, एवढे लेखी मिळाले. बदल्यात परस्पर संरक्षण कराराचे वचन, दीर्घकालीन आर्थिक मदत आणि तिचा २० कोटी डॉलरचा पहिला हप्ता, वीस डिव्हिजनांपर्यंत सैन्यवाढ, आणि शस्त्रसंधीनंतरच्या राजकीय परिषदेआधी दोन्ही देशांची उच्चस्तरीय चर्चा. ती परिषद नव्वद दिवसांत निष्फळ ठरली तर दोघांनी मिळून बाहेर पडायचे, हेही ठरले. २७ जुलैच्या शस्त्रसंधीवर म्हणूनच क्लार्क, उत्तर कोरियाचे किम इल-सुंग आणि चिनी फौजांचे पेंग देहुआई यांच्या सह्या आहेत, दक्षिण कोरियाची नाही.

१९५३ च्या संरक्षण कराराने हल्ला झाल्यास अमेरिकेला युद्धात उतरणे भागच पडते का? (ठाणे)

नाही. करारात अवघी सहा कलमे आहेत आणि कळीचे आहे तिसरे. पॅसिफिक भागात एकावर सशस्त्र हल्ला झाला तर दुसरा ‘आपल्या घटनात्मक प्रक्रियेनुसार’ पाऊल उचलेल, एवढेच ते म्हणते. नाटोच्या करारात एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला आहे. तसे वाक्य इथे नाही. शिवाय अमेरिकी सिनेटने मंजुरी देताना खुलासा जोडला की बाहेरून हल्ला झाला तरच हे कलम लागू होईल. त्याचा रोख सरळ होता : रींनी स्वतःच उत्तरेवर चाल केली तर अमेरिका बांधील नाही.

कोरियाला खरी हमी वाटते ती चौथ्या कलमात. त्याने अमेरिकी फौजा कोरियात ठेवण्याचा अधिकार दिला. सीमेजवळ अमेरिकी तळ असेल तर कुठल्याही हल्ल्यात पहिल्याच दिवशी अमेरिकी सैनिक मरतील, आणि मग घटनात्मक प्रक्रियेला वेळ लागणार नाही, असा हिशेब. सहाव्या कलमाने एक वर्षाची नोटीस देऊन कोणीही बाहेर पडू शकतो. सह्या १ ऑक्टोबर १९५३ ला वॉशिंग्टनमध्ये झाल्या, पण करार अमलात यायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. सैन्याचे नियंत्रण आणि मदतीचा आकडा यांवर सही होईपर्यंत कोणीच घाई केली नाही.

सुरुवातीला दक्षिण कोरियाचे सैन्य इतके सहज का कोलमडले? पुढे तेच सैन्य कसे सुधारले? (छत्रपती संभाजीनगर)

कारण ते मुद्दाम हलके ठेवले होते. री उत्तरेवर चाल करतील या भीतीने अमेरिकेने त्यांना रणगाडे दिले नाहीत आणि मोठ्या तोफाही दिल्या नाहीत. होत्या त्या सुमारे ९० तोफा, १०५ मिलिमीटरच्या आखूड नळीच्या, पल्ला साडेसात किलोमीटर. समोर उत्तरेच्या १२२ मिलिमीटर तोफा साडेअकरा किलोमीटरच्या पुढे मारा करत होत्या आणि टी-३४ रणगाड्यांवर २.३६ इंची बझूका (खांद्यावरून डागायचे रणगाडाविरोधी हत्यार) चालत नव्हती. ५ जुलैला ओसानजवळ पहिल्या अमेरिकी तुकडीलाही हाच अनुभव आला, ३.५ इंची बझूका नंतर विमानाने मागवाव्या लागल्या.

मे १९५१ मध्ये ह्यॉन-री इथे मागची ओमाची खिंड चिन्यांच्या हाती गेली आणि कोरियाचे तिसरे कोअर (दोन डिव्हिजनांचे दल) गाड्या-तोफा टाकून डोंगरांत पांगले. आठव्या आर्मीचे तेव्हाचे प्रमुख जनरल व्हॅन फ्लीट यांनी ते कोअर मोडूनच टाकले. त्यानंतर एकेक डिव्हिजन आघाडीवरून काढून नऊ आठवडे पुन्हा प्राथमिक धड्यांपासून शिकवली गेली आणि अधिकाऱ्यांना अमेरिकेतल्या प्रशिक्षण शाळांत पाठवले गेले. तोफखानाही वाढवला : अमेरिकी डिव्हिजनकडे चार तोफखाना बटालियन असत, कोरियन डिव्हिजनकडे तोवर बहुधा एकच. ह्यॉन-रीला पांगलेल्या दोन डिव्हिजनांपैकी नववीने ऑक्टोबर १९५२ मध्ये ‘व्हाइट हॉर्स’ टेकडी दहा दिवस लढून राखली. त्या वेळी पाठीशी अमेरिकी तोफा आणि विमाने होती, हे विसरू नये.

जाता जाता हमालांबद्दल. गाडी जात नाही अशा डोंगरांवर दारूगोळा आणि भात पोहोचवणारे कोरियन सेवा दलाचे लोक लाकडी चौकटीवर साधारण २३ किलो ओझे घेऊन दिवसाला १६ किलोमीटर चालत. त्यांच्यावाचून अमेरिकी पलटणी शिखरांवर टिकल्या नसत्या.

या सगळ्यात भारतीय सैन्याचे नेमके काय झाले? त्यांना कोरियात उतरू दिले नाही असे ऐकले. (कोल्हापूर)

दक्षिण कोरियाच्या भूमीवर भारतीय सैनिकाला पाय ठेवू देणार नाही, असे रींनी बजावले होते. भारत साम्यवाद्यांकडे झुकलेला आहे, असा त्यांचा ग्रह होता. अमेरिकेने तोडगा काढला : जहाजे इंचॉनला लावायची आणि जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यायचे. ‘पॉइंट क्रूझ’ ही विमानवाहू नौका या कामी होती. आपल्याच मित्राच्या बंदरातून शंभर किलोमीटरच्या आतले अंतर अमेरिकेला असे हवेतून पार करावे लागले.

आयोगाचे अध्यक्ष होते लेफ्टनंट जनरल थिमय्या, आणि पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. त्यांच्या ताब्यात दक्षिणेकडून सुमारे २२,६०० कैदी आले, त्यांतले बहुतेक चिनी. कैद्यांना त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावण्यासाठी ९० दिवस ठेवले होते; छावणीतल्या कैद्यांच्या संघटनांनी इतका विरोध केला की प्रत्यक्षात समजावणी दहाएक दिवसच चालली. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्यांनी दिले त्यांच्याकडे परत सोपवले गेले, आणि कोणत्याच बाजूला जायचे नाही म्हणणारे ८८ जण भारतीय दलाबरोबर इकडे आले.

युद्धात महागाई इतकी का भडकली? (सोलापूर)

परदेशी फौजांना मजुरी आणि स्थानिक खरेदीसाठी वॉन (कोरियन चलन) लागत. २८ जुलै १९५० च्या समझोत्याने कोरियाने ते आगाऊ द्यायचे, हिशेब मागाहून. म्हणजे बँक ऑफ कोरिया नोटा छापत गेली आणि बदल्यातले डॉलर मात्र रखडले. मे १९५२ मध्ये परतफेडीची पद्धत ठरली. फेब्रुवारी १९५३ मध्ये शंभर वॉनचा एक ह्वान केला. खरा झगडा दराचा होता. री ह्वानची डॉलरमधली किंमत चढी ठेवत, कारण तितकेच ह्वान देऊन जास्त डॉलर वसूल होत. अमेरिकेला बाजारभाव हवा होता. डॉलरला ६० ह्वानवर सुरू झालेला दर डिसेंबर १९५३ मध्ये १८० वर आणि ऑगस्ट १९५५ मध्ये ५०० वर गेला.