याचे मार्क किती?

नमस्कार.

तुमची मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गेल्या सत्रात दोन विषयांत तिचे गुण घसरले आणि रात्री ती पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे ती कशी वापरायची हे सांगणाऱ्या पानांवरच्या, जुन्या झालेल्या ओळी दुरुस्त करत बसते. 'या कारकुनीतून तिला बाहेर कसं काढू?' असं तुम्ही विचारता.

गुणांची मला काळजी नाही. तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तिची पहिली दुरुस्ती स्वीकारली गेली, ती धावत सांगायला आली आणि तुम्ही म्हणालात, 'याचे मार्क किती?' तेव्हापासून ती या कामाबद्दल घरात अवाक्षर काढत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. दोन्ही गोष्टी पत्रात लागोपाठ आहेत, तरी त्यांचा संबंध तुम्हाला जाणवला नाही. 'मूल घरी काहीच सांगत नाही' म्हणून कितीतरी आईवडील माझ्याकडे येतात. तुमची मुलगी आपणहून सांगायला आली होती. तो प्रश्न चुकला, हे तुम्ही तिला स्पष्ट सांगायला हवं.

अभ्यासाचं म्हणाल, तर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी सुट्टीत सुरू केली तरी चालेल. घसरलेल्या दोन विषयांना तिने रोज तासभर द्यावा.

आता 'कारकुनी'बद्दल. प्रोग्रामिंग जमत नाही ते माहिती लिहीत बसतात, हा समज अनेक शिक्षकांचाही असतो आणि तो साफ चुकीचा आहे. पायथॉनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरात येते आणि तिच्यातल्या चुकांची दुरुस्ती साधारण पाच वर्षं होत राहते. म्हणजे एकाच वेळी अनेक आवृत्त्या वापरात असतात आणि प्रत्येकीची माहिती थोडी वेगळी असते. डिस्टयूटिल्स (distutils) हे मॉड्यूल, म्हणजे पायथॉनसोबत मिळणारा तयार कोडचा एक संच, २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून काढून टाकलं. जुनं पान वाचून ते वापरायला गेलेल्या विद्यार्थ्याला एरर येते, आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. पान दुरुस्त करणाऱ्याला कोड वाचून बदल नेमका कोणत्या आवृत्तीत झाला ते शोधावं लागतं, उदाहरण चालवून बघावं लागतं, आणि ही दुरुस्ती मागच्या कोणत्या आवृत्त्यांच्या पानांवर न्यायची, कोणत्यांवर मुळीच नाही, हेही ठरवावं लागतं. ३.१३ मधली सोय चुकून ३.१२ च्या पानावर गेली, तर ते पान खोटं सांगू लागतं. रस्ट या भाषेची आवृत्ती तर दर सहा आठवड्यांनी येते. तिथे डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चाचणी म्हणून आपोआप चालवता येतात. उदाहरण मोडलं की चाचणी नापास. अशी व्यवस्था उभी करणं हे अभियंत्याचंच काम.

मुलीलाही एक सांगायचंय. फक्त डॉक्युमेंटेशनच्या भरवशावर पहिली नोकरी शोधू नकोस, तशा जागा कमी असतात. पान दुरुस्त करताना कोडमध्येच दोष सापडला, तर तो नुसता नोंदवून थांबू नकोस. छोटा असेल तर स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न कर. मुलाखतीत या दोन्ही कामांबद्दल बोलता येईल.

आणि तुम्ही तिला विचारा, 'त्या पानावर आधी काय चुकलं होतं?' ती सांगेल तेवढं सगळं ऐका, मध्ये परीक्षा आणू नका. पुढचं पत्र मला तिने लिहिलं तर अधिक बरं.