वायूतल्या रेणूंच्या टकरी होतात म्हणून समतोल (म्हणजे वाटणी पुढे बदलत नाही अशी स्थिती) येतो, असं म्हणणं बरोबर आहे का?

बरोबर, पण अर्धंच. वेगवान रेणू हळू रेणूवर आपटला की सरासरीने त्याची ऊर्जा दुसऱ्याकडे जाते. बेरीज तीच, वाटणी बदलते. साध्या हवेत एका रेणूच्या सेकंदाला काही अब्ज टकरी होतात. त्यामुळे वेगांची वाटणी नॅनोसेकंदांत मॅक्सवेलच्या वक्रावर येते, म्हणजे किती रेणू किती वेगाने धावतात याच्या ठरलेल्या आलेखावर. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने 1872 मध्ये हेच गणितातून दाखवलं.

गंमत पुढे आहे. दादरच्या फुलबाजारातून आणलेला मोगरा खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि पंखा बंद करा (मुंबईत सोसवलं तर!). रेणू सेकंदाला शंभर मीटरहून जास्त धावतात, तरी वास पलीकडे पोचता पोचत नाही. टकरी त्यांना सरासरी 100 नॅनोमीटरही सरळ जाऊ देत नाहीत. जागच्या जागी समतोल झटपट, खोलीभरचा मात्र त्याच टकरींपायी रखडतो. पंखा लावलात की काम रेणूंच्या हातात राहतच नाही, हवाच वास उचलून नेते.