दहीकाला, पालखी आणि कॅमेरा

या महिन्याच्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील हौशी छायाचित्रकारांची आहेत. जत्रांचा हंगाम जवळ आल्याचे हे लक्षण असावे. समान आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी कुडाळ येथे बँकेत नोकरी करतो आणि गेली काही वर्षे जत्रांमध्ये दशावताराची (रात्री रंगणाऱ्या दहीकाल्याच्या लोकनाट्याची) छायाचित्रे काढतो. बहुतेक छायाचित्रांवर आडवे काळे पट्टे उमटतात, नटांचे चेहरे पांढरेफटक येतात, आणि पहाटेपर्यंत पहिल्या रांगेत बसूनही नेमका क्षण हातातून निसटतो. माझा कॅमेरा बदलण्याची वेळ आली आहे का?

उत्तर : कॅमेरा बदलू नका. पट्ट्यांचे कारण मंडपातील एलईडी दिव्यांत आहे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग त्या लयीशी जुळला नाही तर फ्रेमचा काही भाग उजळ आणि काही भाग काळपट उमटतो. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. आवाज होऊ नये म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे निःशब्द शटर वापरत असाल, तर तेही बंद करा, कारण या दिव्यांखाली पट्ट्यांचा त्रास त्यानेच सर्वाधिक वाढतो. यांत्रिक शटरचा आवाज झांजेपुढे कोणाच्या कानावरही पडत नाही.

चेहऱ्यांबाबत सांगायचे तर, मागचा पडदा गडद असतो आणि नटाच्या चेहऱ्यावर रंग जाड व उजळ असतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाशमापक) काळोखाला भुलून सारे दृश्य उजळवू पाहतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (प्रकाशमापाची पायरी) कमी करा, किंवा स्पॉट मीटरिंग (फक्त एका बिंदूवरून मोजमाप) ठेवून चेहऱ्यावरून मोजमाप घ्या. एफ १.८ ची ५० मिलिमीटरची साधी लेन्स आणि आयएसओ ३२०० च्या आसपासची संवेदनशीलता एवढ्यावर बहुतेक प्रयोग निभावतात. छायाचित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात घ्या, कारण पिवळा बल्ब आणि निळसर नळी यांच्या मिश्र प्रकाशाचा रंगतोल नंतर घरी बसूनच नीट लावता येतो.

नेमका क्षण निसटण्याचे कारण मात्र निराळे आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात. कथा ठरलेली असते, पण नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलत जातो. त्यामुळे पुढचे वाक्य काय असेल हे प्रेक्षकाला, समोरच्या नटाला आणि कित्येकदा खुद्द बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. पखवाज वाजवणाऱ्याला मात्र नटाची चाल, त्याचा श्वास आणि वळण कळते, आणि प्रवेश, आवेश किंवा युद्ध येण्यापूर्वी त्याचा हात आधी बदलतो. त्या बदलाकडे कान ठेवला की बोट आपोआप वेळेवर पडते. डोळ्यांनी क्षण दिसेपर्यंत थांबलात, तर तो टिपण्यापूर्वीच गेलेला असतो.

म्हणून पहिल्या रांगेच्या मध्यभागी बसण्याऐवजी पेटी, पखवाज आणि झांज ज्या बाजूला असतात त्या कडेला जागा शोधा. तेथून नट तिरकस दिसतो, मुकुट आणि चेहरा यांची घडण उठून येते आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या नजरेच्या आडही आपण येत नाही. युद्धप्रसंगी १/१०० ला हालचाल पुसट येणारच. ती पुसट येऊ द्या, किंवा गिरकीनंतर सम (तालाची पहिली मात्रा) गाठून नट क्षणभर स्थिर उभा राहतो तो क्षण धरा. सुरुवातीचा गणपती, रिद्धी-सिद्धी आणि काळ्या वेशातला संकासूर यांच्या भागाला बरेच जण चहा पिण्याचा वेळ समजतात. माझ्या मते हौशी माणसाने त्याच वेळी सर्वांत जागे असावे, कारण हा क्रम ठरलेला असतो आणि सरावासाठी त्याहून चांगली संधी नाही. आणि कधीतरी रात्रभर कॅमेरा वादकांकडेच वळवून पाहा. जत्रेच्या हजारो छायाचित्रांत ते जवळजवळ नसतातच.

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातील एका गावी शिमग्यात पालखीची छायाचित्रे काढत असताना वडीलधाऱ्यांनी मला एका ठिकाणी थांबवले. त्याच गावात नमनाच्या (कोकणातील लोकनाट्याच्या) संपूर्ण प्रयोगाचे मी चित्रीकरण करून समाजमाध्यमावर टाकले, त्यावर मंडळातील कलाकारांनी हरकत घेतली. सार्वजनिक ठिकाणी घडणाऱ्या गोष्टीला अशी मनाई असू शकते का?

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पालखीत देवाची रूपे (मुखवटे) लावताना, गाऱ्हाणे घालताना किंवा कौल (देवाचा होकार-नकार) घेताना काही गावांत छायाचित्र चालत नाही, काही गावांत चालते. येथे रूढी हाच नियम आणि तो गावागणिक बदलतो. आदल्या दिवशी गुरव किंवा मानकऱ्यांना भेटून, कोठे उभे राहावे आणि कोणत्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा हे विचारून घ्या. असे विचारणाऱ्याला गावकरी बहुधा स्वतःहून चांगली जागा दाखवतात. सहाणेवर (पालखी ठेवण्याच्या चौथऱ्यावर) पालखी टेकलेली असताना सर्वांनाच छायाचित्र मिळते. पण खांद्यावर पालखी नाचते तेव्हा ढोल-ताशाच्या चढत्या ठेक्याबरोबर १/१५ इतका संथ शटर वापरून, नाचवणाऱ्यांपैकी एकाच्या चेहऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला, तर त्या गर्दीचा वेग चित्रात उतरतो.

चित्रीकरणाबाबत कलाकारांची हरकत रास्त आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपल्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण किंवा चलत्चित्रण करू देण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क सादरकर्त्या कलाकाराचा असतो व तो ५० वर्षे टिकतो. स्वतःपुरते पाहण्यासाठी किंवा प्रामाणिक अभ्यासासाठी केलेल्या मुद्रणाला सवलत आहे, जाहीर प्रसारणाला नाही. स्थिर छायाचित्र या मुद्रणाच्या व्याख्येत बसत नाही. छायाचित्राचे हक्क सर्वसाधारणपणे ते काढणाऱ्याकडे असतात. मात्र कायदा बाजूला ठेवला तरी एक व्यावहारिक मुद्दा उरतो. नमन, जाखडी (नाचगाण्याचा लोकप्रकार) किंवा दशावतार करणारी मंडळी हंगामाच्या चार-पाच महिन्यांतील सुपारीवर अवलंबून असतात आणि फोनवर पूर्ण प्रयोग फुकट मिळू लागला की पुढच्या वर्षीच्या बोलावण्यावर त्याचा परिणाम होतो. ते चित्रीकरण काढून टाका, आणि मंडळाला चांगली दहा-बारा छायाचित्रे त्यांच्या जाहिरातीसाठी विनामूल्य द्या.

प्रश्न : मी दापोलीची निवृत्त शिक्षिका असून पिंगुळी आणि सावंतवाडी येथील कलांची छायाचित्रे काढण्यासाठी जाऊ इच्छिते. चित्रकथीच्या (चित्रे दाखवून कथा गाण्याच्या कलेच्या) पोथ्या, छायाबाहुल्या आणि गंजिफा (रंगवलेले गोल पत्ते) यांची छायाचित्रे घेताना काय सांभाळावे?

उत्तर : फ्लॅश घरी ठेवून जावे. जुन्या चित्रांच्या रंगांना प्रखर प्रकाश मानवत नाही, काचेमागच्या चित्रावर त्याचा नुसता पांढरा ठिपका उमटतो आणि छायाबाहुलीची तर सावलीच पुसली जाते. चामड्याच्या या बाहुल्या पडद्याच्या मागे धरलेल्या दिव्याने जिवंत होतात. म्हणून पडद्याच्या उजळ भागावरून मोजमाप घ्या आणि उरलेले सारे काळोखात जाऊ द्या. शक्य झाल्यास परवानगी घेऊन पडद्यामागेही जा. दिवा, बाहुली आणि ती चालवणारे हात एका फ्रेममध्ये येतात असे ते एकच ठिकाण आहे.

पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या या दोन्ही परंपरा पिढ्यान्पिढ्या जपल्या आहेत, आणि या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीचे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नव्हे; एकेक चित्र पुढे धरून, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने त्यावरची कथा गायली जाते. नुसत्या चित्राची सपाट प्रतिकृती संग्रहालयाला उपयोगी पडेल, पण आपण चित्र धरणारा हात, गाणाऱ्याचा चेहरा आणि समोरचे ऐकणारे यांना वगळू नये. सावंतवाडीच्या गंजिफांची अडचण साधी आहे. हे गोल पत्ते लाखेच्या लेपाने चकचकीत असतात, त्यामुळे ते पडवीच्या सावलीत, उत्तरेकडील उजेडात ठेवून किंचित तिरक्या कोनातून टिपावेत. दशावतारी गंजिफांच्या संचात दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकात १२ असे १२० पत्ते असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक गटाचा राजा तेवढा निवडलात तरी दहा चित्रांची देखणी मालिका होईल.

प्रश्न : मी मुंबईत राहतो. सुट्टी मोजकी असल्याने जत्रा आणि शिमगा गाठण्यासाठी प्रवास आधी आखावा लागतो, पण दर वेळी तारखा चुकतात. शिवाय गाडीतून उतरताच लेन्सवर धुके येते.

उत्तर : तारखा केवळ दिनदर्शिकेवरून ठरवू नका. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीला असते, ती आधी आखता येते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख मात्र देवीच्या कौलाने ठरते आणि ती जाहीर होईपर्यंत वाट पाहण्यावाचून उपाय नाही. शिमग्यातही काही गावांचा तेरसे (त्रयोदशीचा) शिमगा आणि काहींचा भद्रेचा (पौर्णिमेचा), त्यामुळे शेजारच्या दोन गावांच्या पालख्या वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडतात. मोजक्या सुट्टीत दोन्ही पाहायला मिळण्याची हीच सोय आहे. गावातल्या एखाद्या दुकानदाराचा दूरध्वनी क्रमांक हा सर्वांत खात्रीचा आधार समजा, आणि कोकण रेल्वेचे आरक्षण मिळाले तरी स्थानकापासून गावापर्यंतची शेवटची एसटी किती वाजता आहे हेही त्यालाच विचारून ठेवा. जत्रेच्या रात्री रिक्षा मिळते, पण ती मागेल ते भाडे द्यावे लागते.

लेन्सवरील धुके वातानुकूलित डब्यातील थंड काच बाहेरच्या दमट हवेत आल्यामुळे धरते. उतरण्याच्या अर्धा तास आधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि उतरल्यावर तो बाहेरच्या हवेइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नका. घरी परतल्यावर, विशेषतः समुद्रकाठी काम झाले असेल तर, खाऱ्या हवेचा थर किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसून मगच कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. पावसाळ्यात हे जेल लवकर ओलावा शोषून निकामी होते, तेव्हा ते मधूनमधून तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते.